खोल समुद्रासाठी सेंटर कन्सोल बोट कशी निवडावी

बोट बघायला निघालेला माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो: किती फुटी आहे आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे. खाडीत किंवा किनाऱ्याला धरून मासेमारी करायची असेल तर एवढ्यावर भागतं. किनारा दिसेनासा होईल इतकं बाहेर जायचं असेल, तर पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. सकाळी वारा पडलेला असताना आपण चाळीस मैल बाहेर गेलो. दुपारी वारा उठला, समोरून आखूड, उभ्या लाटा यायला लागल्या आणि नेमकं तेव्हाच इंजिन कुरकुरायला लागलं. अशा वेळी ही बोट आतल्या माणसांना सुखरूप परत आणेल का? जाताना जवळपास कुठलीही बोट जाते. बोट निवडायची ती परतीच्या वाटेचा विचार करून.

सेंटर कन्सोल म्हणजे अशी उघडी बोट, जिचं सुकाणू, गिअर-थ्रॉटल आणि सगळी यंत्रं मधोमध एका उभ्या कपाटासारख्या भागात बसवलेली असतात. त्याच्या चारही बाजूंनी मोकळा डेक. गळाला मोठा मासा लागला की तो बोटीला वळसा घालतो, खालून पलीकडे जातो, पुन्हा पुढे पळतो. अशा वेळी रॉड हातात घेऊन माणसाला नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत न अडखळता फिरता आलं पाहिजे. केबिन असलेल्या बोटीत ते जमत नाही, म्हणून मासेमारीसाठी ही रचना लोकांना इतकी आवडते. पण उघडेपणाची किंमतही असते. वरून येणारा फवारा, ऊन, पाऊस आणि कठड्यावरून आत येणारी लाट अडवायला इथे काही नाही. त्यामुळे आत आलेलं पाणी बाहेर कसं जातं, हा या बोटीच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. त्याकडे मी सविस्तर येणार आहे, कारण जाहिरातींत त्यावर एक ओळही नसते.

किती बाहेर म्हणजे ‘खोल समुद्र’? अंतरापेक्षा वेळ मोजावा. ३० नॉटच्या, म्हणजे ताशी ३० सागरी मैलांच्या, वेगाने ४० सागरी मैल कापायला १ तास २० मिनिटं लागतात. हवामान बिघडलं आणि वेग १० ते १२ नॉटवर आला, तर तेवढ्याच अंतराला साडेतीन-चार तास लागतात. वारा उठायला आणि समुद्र खवळायला त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणजे ‘वारा सुटला की पळून येऊ’ हा हिशोब चाळीस मैलांवर चालत नाही. बोटीला त्या खवळलेल्या पाण्यातून चार तास चालावं लागणार, असं धरूनच ती निवडायची.

तळाचा आकार

बोटीच्या तळाचा आडवा छेद घेतला तर तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो. हा व्ही किती खोल आहे, ते आडव्या रेषेशी होणाऱ्या कोनाने मोजतात. त्या कोनाला डेडराइज म्हणतात. कोन जितका जास्त, तितका तळ लाट कापत जातो. कोन कमी असेल तर तळ लाटेवर आपटतो.

आजच्या समुद्री स्पीडबोटींचा तळ ज्या वळणावर गेला, त्याचं श्रेय बरंचसं रे हंट या अमेरिकी डिझायनरला जातं. त्याने काढलेल्या खोल व्ही तळाची ‘मॉपी’ ही बोट १९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. सपाट तळाच्या बोटींना ज्या लाटांमध्ये वेग उतरवावा लागला, त्यातून ती धावत राहिली. पुढे त्यावरूनच बर्ट्रम ३१ ही प्रसिद्ध फायबरची बोट तयार झाली. पिछाडीपाशीही साधारण २४ अंश कोन कायम ठेवणं, ही त्या तळाची खूण. आज खोल समुद्रासाठी बनणाऱ्या बऱ्याच सेंटर कन्सोल बोटी २० ते २५ अंशांच्या दरम्यान असतात.

मग सरळ २४ अंशांचीच घ्यावी का? इथे देवाणघेवाण आहे. खोल व्ही धावताना मऊ चालतो, पण थांबल्यावर जास्त डोलतो. ज्याला दिवसभर इंजिन बंद करून वाऱ्यावर वाहत खडकाळ तळावरचे मासे धरायचे आहेत, त्याला हे डोलणं असह्य होतं. माणसं थकतात, ओकाऱ्या होतात, तोल जातो. अशा मासेमारीला १८ ते २१ अंशांचा तळ जास्त सोसतो. पाचपन्नास मैल धावून जायचं, ट्रोलिंग करायचं, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत न्यायचं, आणि धावत परत यायचं, असा बेत असेल तर २२ च्या पुढचा कोन हवा. तुमची मासेमारी कशी आहे हे आधी ठरवा, मग कोन बघा.

कागदावर जो आकडा दिलेला असतो तो बहुतेक वेळा पिछाडीपाशी मोजलेला असतो. धावताना लाटेला भिडतो तो मधला आणि पुढचा भाग, आणि तिथला कोन बराच जास्त असतो. म्हणून पिछाडीला २१ अंश असलेली एखादी बोट २३ वाल्या बोटीपेक्षा मऊ चालू शकते. वजनाचाही मोठा वाटा आहे. सारख्याच आकाराच्या दोन बोटींमध्ये जड असलेली बोट लाटेतून कमी उडते. हलकी बोट कमी इंधन पिते आणि जोरात पळते, हे खरं, पण चार तासांच्या परतीत माणसाच्या कमरेला आणि गुडघ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. खोल समुद्रासाठी मी जड बोटीच्या बाजूने आहे.

नाळेच्या बाजू वरच्या अंगाला बाहेर झुकलेल्या असतात. त्या झुकावामुळे उडालेलं पाणी बाजूला फेकलं जातं, आत येत नाही. नाळेची उंची आणि हा झुकाव कमी असलेली बोट शांत पाण्यात सुंदर दिसते आणि वाऱ्यात सगळ्यांना भिजवते. तळाला पायऱ्या असलेल्या बोटीही मिळतात. पायऱ्यांमुळे तळाखाली हवा शिरते, घर्षण घटतं, इंधन वाचतं. मात्र वेगात असताना एकदम तीव्र वळण घेतलं तर काही बोटींची पिछाडी सटकू शकते. नवख्या माणसाने पहिली बोट म्हणून ती घेऊ नये, असं मला वाटतं.

लाट मोजताना फक्त उंची बघू नका

लांबीचा विचार लाटांच्या संदर्भात करावा लागतो, आणि लाट म्हणजे नुसती उंची नव्हे. दोन लाटांमधले सेकंद तितकेच महत्त्वाचे. खोल पाण्यात लाटेची लांबी सेकंदांच्या वर्गाला सुमारे १.५६ ने गुणलं की मीटरमध्ये मिळते. म्हणजे ४ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची शिखरं एकमेकींपासून साधारण २५ मीटरवर असतात, तर १० सेकंदांच्या लाटांची १५६ मीटरवर. एक मीटर उंचीची १० सेकंदांची लाट बोटीला हळूच वर उचलते आणि खाली ठेवते. वीस फुटी बोटसुद्धा तिच्यावरून आरामात जाते. तीच एक मीटरची लाट ४ सेकंदांनी यायला लागली की एकीवरून उतरतो न उतरतो तोच दुसरी समोर उभी असते, आणि बोट हाडं खिळखिळी करते. वारा प्रवाहाच्या उलट वाहत असला तर लाटा आणखी आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी हे रोज घडू शकतं. त्यामुळे पन्नास मैल सुखरूप आलेली बोट शेवटच्या अर्ध्या मैलात संकटात सापडते.

१८ ते २० फुटांची बोट चांगल्या, निवडक दिवशी बाहेर जाऊ शकते. तो निवडीचा अधिकार मात्र हवामानाच्या हातात राहतो. २३ ते २६ फूट ही बहुतेकांची खरी सुरुवात. २८ फुटांच्या पुढे दोन इंजिनं, मोठ्या टाक्या आणि लांब पल्ला मिळतो. पण इथेही एक बारकावा आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना न काढता रस्त्यावरून ट्रेलरने नेता येणारी कमाल रुंदी साडेआठ फूट असते. त्यामुळे २२ फुटांपासून २६ फुटांपर्यंतच्या अनेक बोटी साडेआठ फुटीच असतात. लांबी वाढली, रुंदी तेवढीच राहिली. लांबी चढ्या लाटेत मदत करते, रुंदी थांबलेल्या बोटीला स्थिर ठेवते. त्यामुळे दोन बोटींची तुलना करताना लांबीबरोबर रुंदी आणि कोरडं वजन, म्हणजे रिकाम्या बोटीचं वजन, हे दोन आकडे शेजारी लिहून काढावेत. लांबी सांगताना काही जण पुढचा नांगराचा दांडा आणि मागचा इंजिनाचा ब्रॅकेटही धरतात, तेही विचारून घ्यावं.

आत आलेलं पाणी

समजा, आतला डेक दोन मीटर रुंद आणि चार मीटर लांब आहे. एक लाट पिछाडीवरून आत आली आणि डेकवर १५ सेंटीमीटर पाणी साचलं, म्हणजे घोट्याच्या थोडं वर. हे पाणी किती झालं? १.२ घनमीटर. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं, त्यामुळे वजन १,२०० किलोच्या वर गेलं. पंधरा-सोळा मोठी माणसं अचानक बोटीत उतरली असं समजा. शिवाय ही माणसं एका जागी बसत नाहीत. बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हे सगळं वजन धावतं, आणि कल आणखी वाढतो. उघड्या बोटी उलटतात त्या बहुतेक अशाच.

आता हे पाणी बाहेर जाण्याची वाट बघू. डेक पाण्याच्या पातळीपेक्षा वर असतो आणि कोपऱ्यांत नळ्या असतात, त्यांतून पाणी आपोआप वाहून जातं. या नळ्यांना स्कपर म्हणतात. दीड इंची दोन स्कपर असतील तर वरचं टन-सव्वा टन पाणी जायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. तेवढ्यात पुढच्या लाटा येतच असतात. नळीचा व्यास दुप्पट केला की तिचं तोंड चौपट होतं, म्हणून तीन इंची स्कपर आणि दीड इंची स्कपर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बोट बघायला गेलात की वाकून या नळ्या बघा, हाताचं बोट आत घालून व्यास अजमावा, त्यांच्यावर बसवलेली जाळी किती जागा खाते तेही बघा. माशाचे खवले, आमिषाचे तुकडे आणि दोरीचे धागे जिथे अडकतात ती जाळी ऐन वेळी बंद झालेली असते.

डेक खरोखर पाण्याच्या वर आहे का, हे टाक्या भरलेल्या आणि माणसं चढलेली असतानाच कळतं. बऱ्याच बोटींमध्ये तीन-चार जण मागच्या एका कोपऱ्यात जमले की स्कपरमधून पाणी उलटं आत येतं. मोठा मासा कठड्याशी आल्यावर सगळे त्याच कोपऱ्यात जमतात, त्यामुळे ही काल्पनिक अवस्था नाही.

डेकवरची झाकणं तितकीच महत्त्वाची. माशांची पेटी, बॅटरीचा कप्पा, टाकीचं झाकण या प्रत्येकाला खोल पन्हळ आणि रबरी पट्टी हवी, आणि पन्हळीतलं पाणी बोटीबाहेर जायला हवं. स्वस्तातल्या बोटींत ते पाणी थेट बिल्जमध्ये, म्हणजे डेकखालच्या पोकळीत जातं. डेकवरचं पाणी दिसतं, बिल्जमधलं दिसत नाही. बोट जड होत जाते, नाळ उचलायला नाखूश होते आणि चालवणाऱ्याला कारण उशिरा कळतं.

बिल्जमधल्या पंपावर फार भिस्त ठेवू नये. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटीमीटरवर ५० मिलीमीटरचं भोक पडलं, म्हणजे एखादी नळी निसटली, तर ताशी सुमारे १०,००० लिटर पाणी आत येतं. पंपावर ‘ताशी २,००० गॅलन’ लिहिलेलं असतं, ते साधारण ७,५०० लिटर होतात. पण तो आकडा पाणी वर न चढवता, पूर्ण व्होल्टेजवर मोजलेला असतो. नळीची वळणं आणि चढ धरला की प्रत्यक्षात पुष्कळ कमी निघतं. म्हणजे पंप बोट वाचवत नाही, भोक शोधून बंद करायला वेळ मिळवून देतो. तेवढा वेळ मोलाचा आहे. म्हणून दोन पंप हवेत, दुसरा थोडा उंचावर, स्वतंत्र फ्लोट स्विचवर, म्हणजे पाणी चढताच आपोआप चालू होणाऱ्या स्विचवर, आणि पाणी वाढलं की वाजणारा भोंगा. बॅटऱ्या कुठे आहेत हेही बघा. त्या पिछाडीला, बिल्जच्या तळाशी बसवल्या असतील तर पाणी चढताच बॅटरी बुडते आणि पंप बंद पडतो. कन्सोलच्या आत, उंचावर बसवलेली बॅटरी पंपाला शेवटपर्यंत वीज देते. तळातून पाणी घेणाऱ्या प्रत्येक भोकाला हाताने बंद करता येणारा ब्राँझचा व्हॉल्व्ह हवा, आणि तिथपर्यंत हात पोचायला हवा.

पाणी भरूनही बोट तरंगते का? याबाबतीत कायद्याची एक मर्यादा फार थोड्यांना माहीत असते. अमेरिकेत पाणी भरल्यावरही सपाट तरंगत राहण्याची सक्ती २० फुटांपेक्षा कमी लांबीच्या आउटबोर्ड, म्हणजे इंजिन पिछाडीला बाहेर लटकवलेल्या, बोटींनाच आहे. त्याच्या पुढच्या बोटीत फोम भरायचा की नाही, हे बनवणाऱ्यावर आहे. काही कंपन्या पूर्ण फोम भरतात. बॉस्टन व्हेलरने तर यावरच नाव कमावलं. तिचे संस्थापक डिक फिशर करवतीने मधोमध कापल्या जाणाऱ्या बोटीत बसून राहिले आणि नंतर उरलेला मागचा अर्धा भाग चालवत घेऊन गेले. ती छायाचित्रं १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात आली होती. त्या १३ फुटी बोटीच्या तळाचा आकारही रे हंटचाच होता. २५ फुटी बोट घेताना विक्रेत्याला सरळ विचारावं: कठड्यापर्यंत पाणी भरलं, तर इंजिनं आणि माणसांसकट ही तरंगेल का, आणि सरळ तरंगेल की उलटी? उत्तर लेखी मागावं.

युरोपात विकल्या जाणाऱ्या बोटींवर ‘ए’ ते ‘डी’ या इंग्रजी अक्षरांपैकी एक श्रेणी असते. ‘बी’ श्रेणी म्हणजे ८ बोफर्टपर्यंतचा (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप) वारा आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटा, ‘सी’ म्हणजे ६ बोफर्ट आणि २ मीटर. एकाच बोटीला कमी माणसांसाठी ‘बी’ आणि जास्त माणसांसाठी ‘सी’ अशा दोन श्रेणी दिलेल्या आढळतात. माणसं वाढली की समुद्राची मर्यादा खाली येते, हे त्या पाटीवर छापलेलंच असतं. ती श्रेणी म्हणजे बोट तेवढ्यात टिकावी अशी अपेक्षा आहे, तेवढ्यात मासेमारीला जावं असं आमंत्रण नव्हे.

पिछाडीची फळी, म्हणजे ट्रान्सम, पूर्ण उंच हवी. जुन्या पद्धतीच्या बोटींत इंजिनासाठी ती मधे खाली कापलेली असते. पुढे एक छोटा हौद असतो, पण वेगात येणारी बोट एकदम थांबवली तर तिची स्वतःचीच मागची लाट त्या खाचेवरून आत येते. इंजिन बाहेर ब्रॅकेटवर आणि ट्रान्सम अखंड, ही रचना जास्त भरवशाची आहे.

इंजिन एक की दोन

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षा, असं सरसकट मानलं जातं. ते तेव्हाच खरं असतं जेव्हा दोन्ही एकमेकांपासून खरोखर वेगळी असतात. दोघांना एकाच टाकीतून, एकाच फिल्टरमधून पेट्रोल जात असेल आणि त्यात पाणी शिरलं तर दोन्ही एकाच वेळी बसतात. एकाच बॅटरीवर दोन्ही चालू होत असतील तर तीच गत. म्हणून प्रत्येक इंजिनाला वेगळा पाणी गाळणारा फिल्टर, वेगळी बॅटरी आणि शक्य असेल तर वेगळी टाकी हवी. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते दमट हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे फिल्टर खाली साचलेलं पाणी बघता येईल असा, पारदर्शक वाटीचा असावा.

दुसरी गोष्ट, एकच इंजिन चालू असताना बोट किती चालते? अनेक बोटी एका इंजिनावर पाण्याच्या वर येऊन धावू शकत नाहीत, सहा-सात नॉटवर सरपटतात. चाळीस मैलांना सहा तास. तरीही ते सहा तास स्वतःच्या जोरावर घरी येण्याचे असतात, लाटांवर भरकटण्याचे नव्हेत, म्हणून मी दोन इंजिनांच्या बाजूने आहे. मात्र पहिलं-दुसरं वर्ष किनाऱ्यापासून दहा-पंधरा मैलांतच जायचं असेल, तर नीट राखलेलं एक नवं इंजिन हे दमलेल्या दोन इंजिनांपेक्षा कधीही चांगलं.

वजन विसरू नये. ३०० हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड अडीचशे किलोच्या आसपास भरतं. दोन लावली की पाचशे किलो अगदी टोकाला लटकतात. जुन्या बोटी हलक्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या हिशोबाने बनलेल्या होत्या. त्यांच्यावर नवी जड इंजिनं चढवली की पिछाडी बसते आणि स्कपर पाण्याखाली जातात. इंजिनाच्या शाफ्टची लांबी मोठ्या बोटींना २५ इंच किंवा जास्त हवी, नाहीतर लाटेच्या खळग्यात पंखा हवेत फिरतो.

इंधनाचा हिशोब एक-तृतीयांशाच्या नियमाने करतात: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. २४ फुटी, २५० हॉर्सपॉवरची बोट ठीकठाक समुद्रात मैलाला साधारण २ लिटर पिते असं धरू. चाळीस मैल जाऊन-येऊन १६० लिटर. सहा तास ट्रोलिंग, ताशी ९ लिटर, म्हणजे ५४. बेरीज २१४ लिटर, आणि ही टाकीच्या दोन भागांत बसायला हवी. म्हणजे टाकी किमान ३२० लिटरची लागते. बोट पाण्याच्या वर येऊन धावायची थांबून पाणी ढकलत जाऊ लागली की मैलाला लागणारं पेट्रोल झपाट्याने वाढतं, आणि तेच परतीला होतं. राखीव भाग त्यासाठी आहे, आणखी दहा मैल पुढे जायला नाही. टाकी बोटीच्या मध्याजवळ असावी, म्हणजे ती रिकामी होत गेली तरी बोटीचा तोल बदलत नाही.

चालवणारा पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी दोरी किंवा वायरलेस स्विच प्रत्येक बोटीत हवा. अमेरिकेत २६ फुटांखालच्या, तसा स्विच बसवलेल्या बोटींवर धावताना तो वापरणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. २६ च्या पुढेही तो लावावा. उघड्या बोटीत एकटा चालक पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

मासेमारीची सोय

यात माणसं फार वेळ घालवतात, मी थोडक्यात सांगतो. कठडा मांडीच्या मध्यापर्यंत यावा, गुडघ्याशी संपणारा कठडा माणसाला बाहेर फेकतो. कठड्याच्या खाली पायाचा पंजा आत सरकेल एवढी खाच हवी, म्हणजे मासा ओढताना पाय रोवता येतो. जिवंत आमिषाचा हौद गोल कोपऱ्यांचा असावा, चौकोनी कोपऱ्यात मासळी नाक आपटून मरते. हा हौद १५० लिटरचा असेल तर पिछाडीला दीडशे किलो वाढले, हे वरच्या वजनाच्या हिशोबात धरा. माशांच्या पेटीत बर्फ दिवसभर टिकेल एवढं इन्सुलेशन हवं. कन्सोलवरच्या छताची चौकट हलवून बघा. ती डेकला आरपार बोल्ट केलेली हवी, नुसत्या स्क्रूंवर नको. त्या छतावर वरचा दुसरा सुकाणूमंच बसवला की लांबचे पक्षी आणि मासळीची हालचाल दिसते, पण वजन उंच जातं आणि डोलणं वाढतं. २६ फुटांखालच्या बोटीवर मी तो टाळेन.

त्या छताचा सर्वांत चांगला उपयोग अँटेना उंच नेण्याचा. व्हीएचएफ, म्हणजे बोटींवर बोलण्यासाठी वापरतात त्या, रेडिओच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे अँटेनाची उंची म्हणजे पल्ला. बोटीत पक्का बसवलेला २५ वॅटचा रेडिओ हवा, हातातला ५ वॅटचा जोडीला. चॅनल १६ वर मदत मागता येते, आणि डीएससी (आपोआप संकटसंदेश पाठवण्याची सोय) असलेल्या रेडिओवर एक लाल बटण दाबून जागेसकट इशारा जातो, मात्र त्यासाठी तो जीपीएसला जोडलेला आणि नोंदवलेला असावा लागतो. डेकवर उभ्या असलेल्या माणसाचं क्षितिज तीन-साडेतीन सागरी मैलांवर संपतं. त्याच्या फार पलीकडे तुम्ही बहुधा कोणाला दिसत नाही. रेडिओचा पल्लाही संपतो तिथे ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे संकटात जागा कळवणारा छोटा प्रक्षेपक, उपग्रहांमार्फत संकटाचा संदेश पोचवतो. मासे शोधायच्या मोठ्या स्क्रीनच्या आधी हे घ्यावं.

बांधणी आणि चाचणी

जुनी बोट घेत असाल तर ट्रान्सम आणि डेक यांच्या आत काय भरलंय ते विचारा. पूर्वी फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड भरत. एखाद्याने ट्रान्समला यंत्राचा सेन्सर लावताना स्क्रूचं भोक सील केलं नाही, की तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. बाहेरून पॉलिश चकचकीत असतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलं की निरोगी भाग टणक, खणखणीत वाजतो आणि कुजलेला भाग बोदा. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर जोर देऊन हलवा आणि त्याच वेळी ट्रान्समकडे बघा. ती लवत असेल तर तिथेच थांबा. डेकखाली फोममध्ये रुतवलेली ॲल्युमिनियमची टाकी हा दुसरा शत्रू. ओला फोम तिला चिकटून राहतो, धातू खालून खाल्ला जातो आणि ती बदलायची तर अख्खा डेक कापावा लागतो. इंजिनाचे तास, कॉम्प्रेशनची चाचणी आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतल्याची सवय, या तिन्हींची चौकशी करावी. शेवटी बोट तपासून देणारा स्वतंत्र सर्व्हेयर बोलवावा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे.

पाण्यावरची चाचणी शांत दिवशी घेऊ नका. थोडा वारा, थोड्या आखूड लाटा असलेला दिवस निवडा. टाक्या भरलेल्या, हौद भरलेला आणि नेहमी जेवढी माणसं असतील तेवढी बोटीत. आधी लाटेच्या समोर चालवा आणि कुठल्या वेगाला बोट आपटायला लागते ते बघा. मग लाट बाजूने घ्या. मग पाठीमागून घ्या, आणि इथे जास्त वेळ द्या, कारण परतीला लाट अनेकदा मागून असते. पुढच्या लाटेच्या पाठीत नाळ खुपसून बोट एका बाजूला खेचली जात असेल, सुकाणूशी झटापट करावी लागत असेल, तर ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कोन, बदलून पुन्हा बघा. तरीही सुधारत नसेल तर ती बोट तुमची नाही. दोन इंजिनं असतील तर एक बंद करून दहा मिनिटं चालवा, वेग आणि इंधनाचा आकडा लिहून घ्या. मग दोन्ही बंद करून लाटेला आडवं थांबा आणि डोलणं सोसवतं का ते बघा. सगळ्यांना मागच्या एका कोपऱ्यात उभं करून स्कपरकडे नजर ठेवा.

धक्क्याला लागल्यावर बिल्जचं झाकण उघडा आणि टॉर्च मारा. निघताना ती पोकळी कोरडी पुसून ठेवलेली असेल तर आता आत जे पाणी दिसेल ते या फेरीतलं आहे. ते कुठून आलं, झाकणाच्या पन्हळीतून, एखाद्या नळीच्या सांध्यातून की तळातून, याचा शोध लागेपर्यंत पैसे देऊ नका.